प्रिन्स ऑफ पर्शियाचा लेव्हल एडिटर: २४ खोल्यांची मर्यादा पाळावी की मोडावी?

गढीवाला:
'प्रिन्स ऑफ पर्शिया' या जुन्या संगणक-खेळाच्या डॉस (जुन्या पीसीवरच्या) आवृत्तीसाठी लेव्हल एडिटर, म्हणजे खेळाचे नवे टप्पे रचायचा प्रोग्रॅम, लिहितोय. मूळ खेळात एका लेव्हलला जास्तीत जास्त २४ खोल्या, एका खोलीत १० फरश्यांच्या ३ ओळी. म्हणजे सगळा किल्ला ७२० फरश्यांत बसवायचा. मित्र मागे लागलेत, "खोल्या शंभर कर." मी करणार नाही. जॉर्डन मेकनरने १९८९ साली ॲपल टू या संगणकावर हा खेळ केला तेव्हा नव्या शत्रूच्या चित्रांना मेमरीच उरली नव्हती. मग त्याने राजपुत्राचंच चित्र एक बिट सरकवून मूळ चित्राशी एक्सऑर केलं (दोन्हींत जिथे फरक तेवढेच ठिपके ठेवले) आणि छायापुरुष उभा राहिला. आरशातून उडी मारली की पलीकडे पळत सुटतो, तो. मेमरी भरपूर असती तर तो सुचलाच नसता.

मधुरा_के:
अजिबात सहमत नाही. ती टंचाई मेकनरच्या वाट्याला आली होती, त्याने ती मागून घेतली नव्हती. तुम्ही मात्र दुसऱ्यांवर लादताय. डॉसचा खेळ उलगडून सी भाषेत लिहिलेला एसडीएलपॉप सगळ्यांना खुला आहे, तिथे खोल्या वाढवायला कोणी अडवलंय? खरी वेसण घड्याळाची. ६० मिनिटांत राजकन्येपर्यंत पोचायचंय, मग रटाळ लेव्हल खेळाडूच टाकून देईल. आम्ही शाळेच्या लॅबमध्ये वहीच्या चौकटींवर लेव्हल काढायचो, पान संपलं की दुसरं जोडायचो. तसं मोकळं हवं.

कळदाबे:
खोल्या मोजत बसलात, पण गाडं अडतं वेगळीकडेच. तिसऱ्या लेव्हलचा सांगाडा, चौथीतला आरसा, आठवीतला उंदीर यांच्या वेळा-जागा नकाशाच्या फाइलमध्ये नाहीतच, त्या प्रोग्रॅममध्ये कोरलेल्या आहेत. तुम्ही आठवी लेव्हल कितीही नव्याने रचा, उंदीर त्याच्या ठरलेल्या खोलीतच येणार. नुसत्या फरश्या बदलणारा एडिटर माझ्या लेखी अर्धाच. छायापुरुषाचं एवढं कौतुक करता, तर त्याला हव्या त्या खोलीत नेता आलं पाहिजे.

गढीवाला:
कळदाबे, हे मान्य. उंदराची खोली आणि आरशाची लेव्हल एडिटरमधून बदलता येईल असं करतो, एसडीएलपॉपमध्ये ते सोपं आहे. मधुराताई, तुमच्या वह्यांचं पटतं, पण २४ला हात लावणार नाही. खोल्या संपल्या की रचणारा आधीच्याच खोल्यांकडे परत वळतो. एकाच खोलीतून आधी खालून, मग वरून जायला लावतो. मजा तिथे आहे.

मधुरा_के:
मग शेजाराचं काय? प्रत्येक खोलीपाशी चारच आकडे असतात: डावी, उजवी, वरची, खालची खोली कोणती. डावीकडे जाऊन परत फिरलं की तीच खोली मिळेल अशी सक्ती खेळात नाही. मला असा चकवा मुद्दाम बांधायचाय. तुमचा एडिटर त्याला चूक समजून अडवणार का?

गढीवाला:
आत्ता अडवतो. नकाशा कागदावर सपाट मांडता यावा म्हणून तसं केलं होतं.

मधुरा_के:
मग ते काढा. ही मोकळीक २४ खोल्यांतही बसते.

गढीवाला:
काढतो. अशा जोडणीवर लाल रेघ दाखवेन, अडवणार नाही.