डावखुऱ्या मुलीसाठी .२२ बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल: मदत हवी आहे

मुलगी १७ वर्षांची, ५० मीटर प्रोन (पालथं पडून नेमबाजी) खेळते, सराव वरळीला. शिकारीचा प्रश्नच नाही, फक्त टार्गेट. लायसन्सचं काम क्लबमार्फत सुरू आहे, त्याबद्दल विचारत नाही.

सध्या क्लबची उजव्या बोल्टची (प्रत्येक गोळीनंतर हाताने ओढायची दांडी उजवीकडे असलेली) रायफल डाव्या खांद्याला लावते. प्रत्येक गोळीनंतर डावा हात ग्रिपवरून काढून रायफलच्या वरून पलीकडे न्यावा लागतो; गाल स्टॉकवरून (दस्त्यावरून) उठतो, कोपर सरकतं. रिकामी पुंगळीही तोंडासमोरून उडते. ५० मिनिटांत ६० शॉट्स, म्हणजे ६० वेळा पोझिशन नव्याने बसवायची. उजव्या खांद्यावर दोन महिने करून पाहिलं, पण तिचा डावा डोळा प्रबळ आहे, टार्गेटवर गोळ्यांचा ग्रुप पसरतच गेला. तो हट्ट आता सोडलाय.

आन्शुत्झ १९१३ ही टार्गेट रायफल डाव्या बोल्टमध्ये मिळते हे माहीत आहे. सेकंड-हँडही चालेल, पण डावी रायफल पुढे विकताना गिऱ्हाईक मिळेल का ही धास्ती आहे. प्रशिक्षक म्हणतात, उजवी अ‍ॅक्शन (बोल्टची यंत्रणा) ठेवून फक्त डावा स्टॉक बसवा. मला ते अर्धवट वाटतं, बोल्ट तर पलीकडेच राहणार.

असा उजवा बोल्ट आणि डावा स्टॉक घेऊन कुणी स्पर्धा खेळलंय का? की थेट पूर्ण डावीच घ्यावी?