अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचा सरकारी निधी: दुरुस्त करावा की बंद करावा?

न्यूजर्सीकर:
अमेरिकेत प्राप्तिकराचा फॉर्म १०४० भरताना पहिल्याच पानावर नाव-पत्त्याच्या शेजारी एक छोटी चौकट असते. अध्यक्षीय निवडणूक प्रचारनिधीला ३ डॉलर जावेत असे वाटत असेल तर तिथे खूण करा, त्याने तुमचा कर वा परतावा बदलणार नाही, असे तिथेच छापलेले असते. मी दरवर्षी न चुकता खूण करतो, कारण अध्यक्षपदाचा उमेदवार धनाढ्यांच्या उपकाराखाली राहू नये, हा हेतू मला मनापासून पटतो. मात्र २००८ साली रिपब्लिकन उमेदवार मॅकेन यांनी या निधीतून ८.४१ कोटी डॉलरचे अनुदान घेतले, त्यानंतर दोन्ही प्रमुख पक्षांपैकी एकाही उमेदवाराने मुख्य निवडणुकीसाठी ते घेतलेले नाही. मग ही योजना सुधारता येण्याजोगी आहे, की आता ती केवळ कागदावर उरली आहे? जाणकारांनी कृपया लिहावे.

अर्थवेध:
योजना का कोलमडली हे पाहिल्याशिवाय दुरुस्तीचा विचार करता येणार नाही. अध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हावे लागले त्या वॉटरगेट प्रकरणानंतर १९७४ साली कायद्यात ज्या सुधारणा झाल्या, त्यांत दोन वाटा होत्या. प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, प्रत्येक व्यक्तीच्या देणगीतील पहिल्या २५० डॉलरइतकीच रक्कम सरकारने घालायची, आणि मुख्य निवडणुकीत पक्षाच्या उमेदवाराला ठोक अनुदान द्यायचे, मात्र त्याने खासगी देणग्या घ्यायच्या नाहीत. १९७६ च्या बकली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची खर्चमर्यादा रद्द केली, पण सरकारी पैसा स्वेच्छेने घेणाऱ्यावर मर्यादा घालण्यास हरकत घेतली नाही. म्हणजे मर्यादा पाळणे ही त्या पैशाची किंमत झाली, आणि बाहेर त्याहून कितीतरी अधिक मिळू लागल्यावर ती किंमत कोणीच मोजेना. अनुदान न घेतलेल्या ओबामांनी सप्टेंबर २००८ या एकाच महिन्यात १५ कोटी डॉलरहून अधिक जमवले. मॅकेन यांना अख्ख्या मुख्य निवडणुकीसाठी मिळाले ते याच्या निम्म्याहून थोडेच अधिक.

शिवाय हिशेबाची घडीच मुळात चुकीची बसवली होती. अनुदान आणि खर्चमर्यादा महागाईनुसार वाढत गेल्या, पण करदात्याच्या खुणेची रक्कम सुरुवातीला १ डॉलर होती, ती १९९३ च्या कायद्याने ३ डॉलर झाली आणि तिथेच थांबली. २५० डॉलरचा आकडाही १९७४ पासून हललेला नाही. प्राथमिक फेरीत तर राज्यवार खर्चमर्यादाही होत्या, आणि सुरुवातीलाच मतदान होणाऱ्या न्यू हॅम्पशायर राज्यातील खर्च तिथल्या खाती पडू नये म्हणून प्रचारातील माणसे सीमेपलीकडच्या राज्यात मुक्काम करीत.

माझे मत स्पष्ट आहे. ठोक अनुदान वाढवून काही साधणार नाही; छोट्या देणगीला मोठी जोड द्यावी आणि खर्चमर्यादा काढून टाकावी. २०२१ साली प्रतिनिधिगृहाने मंजूर केलेल्या विधेयकात २०० डॉलरपर्यंतच्या देणगीला सहापट सरकारी जोड सुचवली होती. सिनेटमध्ये ते अडले, तरी दिशा तीच योग्य आहे.

करदाता_बे_एरिया:
अर्थवेध यांचे निदान मान्य, पण उपाय मान्य नाही. ज्याची धोरणे मला घातक वाटतात, त्याच्या जाहिरातींचा खर्च सरकारी तिजोरीतून का व्हावा? १९८० च्या सुमारास चारांपैकी एकाहून अधिक विवरणपत्रांवर ही खूण असे, आता ते प्रमाण अगदी नगण्य आहे. अंगावर एक पैसाही पडत नसताना लोक नाही म्हणत असतील, तर त्यांचा कौल ऐकला पाहिजे. २०१४ साली पक्षांच्या अधिवेशनांचा सरकारी निधी बंद करून तो पैसा बालरोगांच्या संशोधनाकडे वळवण्याचा कायदा झाला, आणि त्याबद्दल कोणाला हळहळ वाटल्याचे मला आठवत नाही.

वकीलसाहेब:
न केलेल्या खुणेला कौल म्हणणे मला पटत नाही. बहुतेकांचे विवरणपत्र संगणक किंवा सनदी लेखापाल भरतो आणि चौकट वाचलीच जात नाही. आपल्या वाचकांच्या उपयोगाची एक गोष्ट सांगतो. एच-१बी व्हिसावरील व्यक्तीला अमेरिकी उमेदवाराला एक डॉलरही देता येत नाही, कारण देणगीचा हक्क नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांपुरताच आहे. पण तीच व्यक्ती कराच्या दृष्टीने निवासी असेल तर या चौकटीत खूण करू शकते, कारण कायद्याने तिथे फक्त अनिवासी परकीयांना वगळले आहे.

अर्थवेध यांना माझा आक्षेप वेगळा आहे. खर्चमर्यादा काढली तर मूळ हेतूच सोडून दिल्यासारखे होते. न्यूयॉर्क शहराच्या योजनेत आठपट जोड मिळते, म्हणजे रहिवाशाच्या १० डॉलरचे उमेदवाराच्या हाती ९० होतात, आणि तरीही खर्चमर्यादा कायम आहे. २०२५ च्या महापौरपदाच्या प्राथमिक फेरीत उमेदवार ममदानी यांनी ती मर्यादा गाठल्यावर समर्थकांना देणग्या थांबवण्याचे आवाहन केले. प्रतिस्पर्धी कुओमो यांच्या बाजूने एका सुपर पॅकने (उमेदवारापासून स्वतंत्र राहून अमर्याद पैसा जमवू शकणाऱ्या गटाने) दोन कोटी डॉलरहून अधिक उभे केले होते, आणि तरी ममदानी जिंकले.

अर्थवेध:
उदाहरण चांगले आहे, पण ते एका शहराचे आहे. तिथे कार्यकर्ते दारोदार फिरून लाखो मतदारांना प्रत्यक्ष भेटू शकतात. पेनसिल्व्हेनियापासून ॲरिझोनापर्यंत एकाच वेळी लढणाऱ्या उमेदवाराला टीव्हीवरील वेळ विकत घ्यावीच लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर बाहेरच्या गटांच्या खर्चाला मर्यादा उरलेली नाही, आणि प्रतिस्पर्ध्याचा खर्च वाढला की जादा सरकारी पैसा देण्याची ॲरिझोनाची तरतूद २०११ साली न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. अशा स्थितीत मर्यादा फक्त प्रामाणिक उमेदवाराच्याच गळ्यात पडते.

न्यूजर्सीकर:
दोघांचेही आभार. मर्यादा ठेवायचीच असेल, तर ती मोडण्याची मुभा नेमकी कोणत्या क्षणी द्यावी, म्हणजे ॲरिझोनासारखी गत होणार नाही, हे वकीलसाहेबांनी सविस्तर लिहावे. तोवर यंदाच्या फॉर्मवर खूण करणारच आहे.