मदत हवी आहे: आईच्या शेकाला दीड महिन्यानंतरची तारीख

मांजराकाठ: आईला कॅन्सरचे शेक (रेडिएशन) सांगितलेत, मशीनची तारीख दीड महिन्यानंतरची. आम्ही अहमदपूरचे. लवकर कुठं होईल? लगेच सांगा.

गोदातीर: कॅन्सर कशाचा? स्टेज? रेशनकार्ड कोणतं?

लाल_माती: कोबाल्टच्या शेक-मशीनवर देऊ नका. सरळ परळला टाटात न्या.

मांजराकाठ: गर्भपिशवीच्या तोंडाचा, स्टेज २ बी. ऑपरेशन होणार नाही म्हणाले. केशरी कार्ड.

गोदातीर: मग बाहेरून साधारण २५ शेक, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे पाच आठवडे. सोबत आठवड्याला एक सिस्प्लॅटिन (केमोचं औषध), पुढं आतून शेक, म्हणजे ब्रॅकी. पहिल्या शेकापासून शेवटच्या ब्रॅकीपर्यंत सगळं ५६ दिवसांत संपायला हवं. लांबलं की रोग उलटायचा धोका वाढतो. म्हणून ‘ब्रॅकी इथंच होते का, तारीख कोणती’ हे आधी विचारा. संभाजीनगरचं सरकारी कॅन्सर रुग्णालय आणि बार्शीचं नर्गिस दत्त, दोन्हीकडं याच आठवड्यात जा. बायप्सीचा ब्लॉक (तुकड्याचा मेणातला ठोकळा), स्लाइड, एमआरआयची सीडी सोबत हवी. महात्मा फुले योजनेची मंजुरी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडून (योजनेचा माणूस) लावून घ्या.

रेडिओ_टेक: कोबाल्ट वाईट नाही. त्यातला किरणांचा स्रोत ५.२७ वर्षांत निम्मा होतो, मग तेवढ्याच डोसला जास्त मिनिटं लागतात. दिवसाचे पेशंट कमी होतात, रांग वाढते. डोस मात्र पुरता बसतो.

लाल_माती: लाळेच्या ग्रंथी वाचत नाहीत त्यावर. तोंड कायमचं कोरडं पडतं.

रेडिओ_टेक: ते तोंड-घशाच्या पेशंटचं. इथं पिशवीचं चाललंय. ताई-दादा जे कोणी असाल, रोज शेकाआधी लघवी करून सांगतील तेवढं पाणी प्यायचं आणि सांगतील तितका वेळ थांबायचं. मूत्राशय भरलं की आतडी वर सरकतात, जुलाब कमी होतात. कमरेवरच्या शाईच्या खुणा साबणानं घासू नका.

बालाघाट: शेकाचा मास्क (डोकं हलू नये म्हणून) करायच्या आधी किडके दात काढा, जखम भरायला दोन आठवडे द्या.

गोदातीर: मास्क डोक्या-मानेच्या शेकाला, भाऊ.

बालाघाट: बरं. रेल्वेचा सवलत फॉर्म दवाखान्यातून सही-शिक्क्यानिशी घ्या. स्लीपर, थ्री-एसीला पेशंटला पूर्ण माफी, सोबत्याला ७५ टक्के.

गोदातीर: हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) किती? क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर सिस्प्लॅटिन देत नाहीत.

मांजराकाठ: क्रिएटिनिन ०.९. हिमोग्लोबिन ७.८.

गोदातीर: शेकाला हिमोग्लोबिन १० च्या वर लागतं. अंगावरून रक्त जातंय का?

मांजराकाठ: जातंय. चार दिवसांपासून जास्त.

गोदातीर: मग तारखेची वाट बघू नका. आजच मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत न्या. पॅकिंग करून (आत पट्टी दाबून) रक्त थांबवतील, बाहेरून रक्त भरतील. तिथूनच रेडिएशन विभागाला ‘रक्तस्राव चालू’ असं लेखी कळवायला लावा, अशा पेशंटला आधी घ्यायची विनंती करता येते.

मांजराकाठ: गाडी सांगितली. फाइल घेतोय.