पांढरा धोबी: पाठीपेक्षा मान बघा

भिगवणला काढलेला पांढऱ्या धोबी पक्ष्याचा एक फोटो इथे आलाय. त्याची पाठ राखाडी, म्हणून तो नेहमीच्या 'अल्बा' या उपजातीचा, असं सोबत म्हटलंय. पण राखाडी पाठ 'पर्सोनाटा' या दुसऱ्या उपजातीलाही असते. खरी खूण मानेत आहे. अल्बाच्या गालाचा पांढरा रंग मानेच्या बाजूने खाली उतरतो. पर्सोनाटाच्या मानेच्या बाजू काळ्या असतात; डोक्याचा काळा छातीच्या काळ्याला जाऊन मिळतो आणि कपाळ-डोळ्यांपुरता पांढरा मुखवटा उरतो. फोटो मोठा करून कानामागे बघा, काळा सलग आहे. माझ्या मते हा पर्सोनाटाच.

घशावरून ठरवू नका, हिवाळ्यात तिथे पांढरं येतं. पहिल्या हिवाळ्यातली पिल्लं तर इतकी फिकट असतात, की मी नोंदीत नुसतं 'पांढरा धोबी' लिहितो.

'दुखुनेन्सिस' या आणखी एका उपजातीबद्दल कुणीतरी विचारलंय. ते नाव आपल्या दख्खनवरूनच आलंय, कर्नल साइक्स या ब्रिटिश पक्षी-अभ्यासकाने १८३२ मध्ये दिलेलं! आता बरेच जण ती उपजात अल्बातच धरतात. मला मात्र ते नाव फार जवळचं वाटतं.

पक्ष्याने मान वळवली की मानेच्या बाजूची पांढरी जागा अरुंद दिसते. सरळ कडेने घेतलेला फोटो असेल तर तोही टाका.