मदत हवी आहे: डिसेंबरात रिटायर होतोय, फंडाचे पैसे मुलाच्या फ्लॅटला द्यावेत का?

नमस्कार मंडळी. मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. 1996 पासून उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये लेथवर आहे. येत्या डिसेंबरात 58 पूर्ण होतात. दोन महिने झाले, रात्री झोप नीट लागत नाही, म्हणून इथं विचारतोय.

आधी हिशेब सांगतो. पीएफचे 11 लाख येतील. मधे घराच्या स्लॅबला काढले होते, नाहीतर जास्त असते. ग्रॅच्युइटीला बेसिक-डीए 19,500 धरून, 26 ने भागून 15 ने गुणलं आणि वर 30 वर्षं, तर 3,37,500 होतात. पेन्शन मात्र साडेचार हजारांच्या आसपासच बसेल. पेन्शनसाठी पगार 15 हजारांपर्यंतच धरतात, आणि सप्टेंबर 2014 च्या आधीच्या नोकरीला तर साडेसहा हजारच. हे मला परवा-परवा कळलं. इतकी वर्षं मी समजत होतो की निम्मा पगार तरी मिळेल.

घरखर्च 16 हजार. भात घरचं. दीड एकर शिवार आहे, पावसाळ्यात भात आणि कापणीनंतर त्याच ओलीवर मसूर. पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेची चौकशी केली, तेव्हा व्याज 8.2 टक्के होतं. 10 लाख ठेवले तर तीन महिन्यांना 20,500. पेन्शन धरून महिन्याला 11 हजारांच्या वर जातं. उरलेलं शेतातून आणि हिच्या बचत गटातून निघेल असं वाटतं. म्हणजे ओढाताण आहे, पण उपाशी मरायची पाळी नाही.

ते 10 लाख हातात राहिले तर.

मुलगा पुण्यात असतो. फ्लॅट बघितलाय, डाऊन पेमेंटला 8 लाख कमी पडतात. हट्ट करत नाही तो, गुणाचा आहे. फोनवर एवढंच म्हणाला, "बाबा, पुढं तुम्ही दोघं इथंच येणार ना, मग पैसे वेगळे कशाला?" त्या वाक्यात खोट नाही, आणि म्हणूनच मला उत्तर देता येईना. आम्ही पुण्याला जाणार हे त्यानं धरून चाललंय. मी कधी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. हिला जायचं नाही. चार गल्ल्यांत तिची माणसं आहेत, दुपारी गटाच्या बायका आमच्याच सोप्यात बसतात.

दुसरीकडं इथल्या एका क्रेडिट सोसायटीचे चेअरमन दोनदा घरी येऊन गेले. ठेवीवर साडेदहा टक्के देतो म्हणतात. आमची पिग्मी, म्हणजे रोजची बचत, वर्षानुवर्षं तिथंच, त्यामुळं तोंडावर नको म्हणणं जड जातं.

आणि तिसरी गोष्ट, जी घरी कुणाला बोललो नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद होता, तेव्हा मी पहाटे साडेपाचला उठून दाढी करून बसायचो. हिनं दोन-चार दिवस बघितलं आणि मग न बोलता डबाच भरून द्यायला लागली. साडेबाराला मी माळ्यावर जाऊन तो उघडायचो. तेव्हा ठाऊक होतं की कारखाना परत चालू होणार. आता तसं नाही. शॉपमधली पोरं जॉब, म्हणजे लेथवर कापलेला तुकडा, हातात घेऊन येतात, "मामा, बघा जरा", आणि मी बोट फिरवून सांगतो कुठं जास्त कापलंय. डिसेंबरानंतर असं कोण विचारणार?

मला विचारायचंय ते असं. मुलाला किती द्यावं, आणि त्याचं मन न दुखवता कसं सांगावं? पेन्शन 58 ला सुरू करावी की 60 पर्यंत थांबावं? थांबलं तर वर्षाला 4 टक्के वाढते म्हणतात. आणि ज्यांनी ही पहिली दोन-तीन वर्षं काढलीत, त्यांचा दिवस कसा जातो?

—

प्रतिसाद (खानापूरहून)

भाऊ, मी फिटर होतो, 2019 ला सुटलो. पेन्शनचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. थांबू नका. दोन वर्षांचे साडेचार हजारांप्रमाणे 1,08,000 सोडणार आणि वाढ मिळणार महिन्याला 360 रुपये. सोडलेले पैसे भरून यायला 25 वर्षं लागतील. 58 ला 10-डी फॉर्म भरा. तुमच्या माघारी वहिनींना पेन्शनची निम्मी रक्कम मिळते, तेव्हा त्यांचं नाव, जन्मतारीख सगळं आत्ताच तपासा. आपल्याकडं रेशनकार्ड कन्नडात, आधारवर एक स्पेलिंग आणि फंडात दुसरं, हे घरोघरी आहे. कंपनीत आहात तोवर दुरुस्ती होते, सुटल्यावर सहीसाठी खेटे घालावे लागतात. मी घातलेत.

पोस्टाची योजना 60 नंतरची असली तरी निवृत्त झालेल्याला 55 नंतर उघडता येते, फक्त पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत. कंपनीचा दाखला मागून ठेवा. तुमचं ईएसआय (कामगार विमा) कापत असेल तर तेही सोडू नका, निवृत्तीनंतर वर्षाला 120 रुपये भरून नवरा-बायकोचे उपचार चालू राहतात.

सोसायटीत ठेवू नका. बँक बुडाली तर 5 लाखांपर्यंत विमा असतो, सोसायटीच्या ठेवीला तो नाही. माझ्या साडूचे पैसे अशाच एका ठिकाणी अडकलेत. चेअरमन तोही गल्लीतलाच होता.

मुलाचं म्हणाल तर मी मुलीच्या घराला 4 लाख दिले. पैसे बुडाले नाहीत, ती जीव लावते. पण औषधाला मागायचं झालं की माझा घसा कोरडा पडतो. तुम्ही दोन लाख द्या आणि ते दिले म्हणूनच द्या, परत मागायचे नाहीत. बाकीचा हिशेब जसा इथं मांडलात तसाच त्याला कागदावर दाखवा. आणि पुण्याला येणार नाही, हे पैशाच्या आधी सांगा. पोर पैशासाठी नाही, त्या न बोललेल्या गोष्टीसाठी दुखावतं.

दिवस? पहिले सहा महिने वाईट गेले, खोटं कशाला बोलू. नंतर पोस्टात बसायला लागलो. मला कन्नड वाचता येतं, म्हाताऱ्या बायकांना फॉर्म वाचून देतो, नोव्हेंबरात हयातीचे दाखले मोबाईलवर काढून देतो. त्या विचारतात, "दादा आज हाईत का?"

—

मूळ लेखक

दादा, तुमचं उत्तर हिला मोठ्यानं वाचून दाखवलं. पेन्शनचा तो 25 वर्षांचा हिशेब मी केलाच नव्हता. फंडात माझं आडनाव खरंच वेगळं लागलंय, सोमवारी ऑफिसात अर्ज देतो. मुलाला फोनवर नाही सांगत, गणपतीला येईल तेव्हा समोर बसून सांगतो, आधी पुण्याचं आणि मग पैशाचं.

एक विचारायचं राहिलं, शहापूर-येळ्ळूर शिवारातल्या कुणालाही. मसूर आजवर भावानंच पेरली. यंदा भात निघाल्यावर चार दिवस रजा टाकून मी स्वतः पेरायची म्हणतोय. दीड एकराला बी किती लागतं?