मार्कोनींनी बोस यांचा रेडिओ ‘चोरला’ म्हणणे आता थांबवावे

सह्याद्री_लहरी (धागाकर्ता):
गेल्या आठवड्यात येथे एका सदस्याने ठामपणे लिहिले की, रेडिओ जगदीशचंद्र बोस यांनी शोधला, मार्कोनींनी तो चोरला आणि १९०९ चे नोबेल लाटले. त्याखाली ‘शंभर टक्के सहमत’ची रांग लागली, म्हणून सविस्तर लिहिणे भाग पडले. बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये भिंतीपलीकडे रेडिओ लहरी पाठवून घंटा वाजवली, बंदुकीची दारू उडवली, हे खरेच आहे. परंतु त्यांना निरोप धाडायचे नव्हते, या लहरी प्रकाशासारख्याच वागतात हे दाखवायचे होते. त्यासाठी त्यांनी तरंगलांबी पाच मिलिमीटरपर्यंत खाली आणली, आणि लहरींच्या ध्रुवीकरणासाठी (त्यांचे कंपन एकाच प्रतलात आणण्यासाठी) रेल्वे वेळापत्रकाच्या जाडजूड पुस्तकात पानापानांमध्ये कथलाचा वर्ख घालून तेच उपकरण म्हणून वापरले. हे करणाऱ्या माणसाचा मोठेपणा सांगायला चोरीची कथा कशाला हवी? इतक्या आखूड लहरी हवेतला ऑक्सिजनच शोषून घेतो आणि क्षितिजामागे त्या वळत नाहीत. अटलांटिक ओलांडायला शेकडो मीटरच्या लहरी, उंच एरियल आणि जमिनीशी जोडणी लागली. तो मार्ग मार्कोनींनी चिकाटीने धरला होता.

पारा_लोखंड:
नेमका अडचणीचा भाग आपण वगळलात. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर, पतंगाने उचलून धरलेल्या तारेतून, इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या पोल्डू केंद्राची मोर्स संकेतातली तीन टिंबे मार्कोनींनी ऐकली, असे ते म्हणतात, ती पाऱ्याच्या कोहिअररला (रेडिओ लहर आल्याचे ओळखणाऱ्या घटकाला) जोडलेल्या टेलिफोनवर. तो कोहिअरर त्यांच्याकडे इटालियन नौदलातून आला होता. बोस यांचा आपोआप पूर्ववत होणाऱ्या कोहिअररवरचा निबंध मात्र त्याआधीच, २७ एप्रिल १८९९ रोजी, लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला होता. धातूच्या भुकटीचा जुना कोहिअरर प्रत्येक खुणेनंतर ठोकून मोकळा करावा लागे. पाऱ्याच्या कोहिअररला ती गरज नव्हती. ज्याचे काम वापरले त्याचे नाव घेतले नाही, तर त्या वागण्याला आपण काय म्हणाल?

कारखानदारीण:
मला या वादात खुद्द बोस यांच्यावरच राग येतो. वेळेवर पेटंट घेतले असते, तर आज आपण भांडत बसलो नसतो. मी नोकरीला असताना एक नियंत्रण-परिपथ तयार केला, रात्री जागून त्यातले दोष काढले, आणि अर्जावर नाव लागले ते वरिष्ठांचे. मी काही बोलले नाही, कारण ‘ज्ञान सर्वांचे असते’ असे शिकवणाऱ्या घरात मी वाढले. त्या शिकवणीची किंमत कोण मोजतो, ते मला पुरते ठाऊक आहे.

जुना_विद्यार्थी:
ताई, आपल्यावर अन्याय झाला; परंतु त्यावरून बोस यांना भोळे ठरवू नका. प्रेसिडेन्सी कॉलेजात युरोपीय प्राध्यापकांपेक्षा कमी वेतन देऊ केले, म्हणून त्यांनी तीन वर्षे वेतनच घेतले नाही. १९०१ मध्ये एका तार कंपनीचा मालक पेटंटचा अर्ज हातात घेऊन त्यांच्याकडे आला, तेव्हाही त्यांनी विचारपूर्वक नकार दिला आणि तसे रवींद्रनाथांना कळवले. पुढे त्यांच्या अमेरिकन हितचिंतक सारा बुल यांच्या आग्रहामुळे गॅलेना डिटेक्टरचे (शिशाच्या खनिजाने लहरी ओळखणाऱ्या उपकरणाचे) अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ मध्ये मिळाले, तेही त्यांनी वापराविना संपू दिले.

कारखानदारीण:
म्हणजे कागद हातात असूनही सोडून दिला! हे मला अधिकच खटकते. वेतनासाठी तीन वर्षे ताठ उभा राहणारा माणूस स्वतःच्या शोधासाठी उभा राहत नाही, आणि आपण त्याला त्याग म्हणून पाठ्यपुस्तकात घालतो. मग तेच वाचून मोठ्या झालेल्या मुली कारखान्यात गप्प बसतात.

जुना_विद्यार्थी:
आपला संताप मला समजतो, तरीही बोस यांनी जे जाणूनबुजून नाकारले, ते त्यांच्या माथी चूक म्हणून मारण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्याकडून हिरावून घेतले गेले, त्यांनी स्वतःहून सोडले. या दोन गोष्टी कृपा करून एका तराजूत घालू नका.

दौंडकर:
पेटंटमध्ये सगळे अडकलात, म्हणून मूळ मुद्द्यावर येतो. माझे आजोबा दौंडच्या बिनतारी केंद्रावर नोकरीला होते. १९२७ मध्ये इंग्लंडशी बीम सेवा (लहरी एकाच दिशेने रोखून संदेश पाठवण्याची सेवा) सुरू झाली, तेव्हा संदेश खडकीहून जात आणि दौंडला घेतले जात, कारण प्रक्षेपक शेजारी असता तर त्याच्या जोरापुढे समुद्रापलीकडून आलेला क्षीण संकेत बुडाला असता. ती सगळी उभारणी मार्कोनी कंपनीच्या शॉर्टवेव्ह (दहा ते शंभर मीटरच्या लहरींच्या) तंत्राची होती. घरात आजोबांच्या तोंडून मार्कोनींचे नाव आदरानेच ऐकले आहे, आणि कोणी उठून त्यांना चोर म्हणावे हे मला सहन होत नाही.

पारा_लोखंड:
आजोबांचा आदर आपल्याजवळ असू द्या. त्याने १९०१ च्या कोहिअररचा प्रश्न सुटत नाही. शिवाय १९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनींचे पेटंट रद्द केले, हेही लक्षात घ्या.

सह्याद्री_लहरी:
त्या निकालात बोस यांच्या कोहिअररचा प्रश्नच नव्हता. मार्कोनींच्या ट्यूनिंगच्या (हवी तीच लहर पकडण्याच्या) पेटंटमधले काही दावे लॉज, टेस्ला आणि स्टोन या संशोधकांच्या आधीच्या कामामुळे टिकले नाहीत, इतकेच त्यातून सिद्ध होते. कोहिअररच्या बाबतीत बोस यांचे नाव घ्यायला हवे होते, हे मी मान्य करतो, त्यापलीकडे काहीही नाही.

पारा_लोखंड:
तेवढे लेखाच्या मुख्य मजकुरात घाला. प्रतिसादात दिलेली कबुली कोणी वाचत नाही.