शब्दचर्चा : 'उत्कृष्ट वॉरंट'

उपशीर्षकवाली : एका अमेरिकी मालिकेची मराठी उपशीर्षकं करतेय. यंत्रानं दिलेलं आयतं वाक्य : 'त्याने परिवीक्षाधीन कालावधीचा भंग केला असून त्याच्यावर उत्कृष्ट वॉरंट आहे.' मूळ इंग्रजीत 'प्रोबेशन' आणि 'आउटस्टँडिंग वॉरंट' आहे; यंत्रानं 'आउटस्टँडिंग'चं 'उत्कृष्ट' केलं. हसून झालं. आता लिहू काय? जागा दोन छोट्या ओळींची.

कोर्टकचेरी : 'उत्कृष्ट' खोडाच, पण 'परिवीक्षाधीन'ही जपून वापरा. लोकांना तो शब्द माहीत आहे बँकभरतीच्या जाहिरातींमुळे. परिवीक्षाधीन अधिकारी म्हणजे नोकरीत अजून कायम न झालेला. परिवीक्षा अधिकारी म्हणजे कोर्टानं सोडलेल्या गुन्हेगारावर देखरेख ठेवणारा. एका 'धीन'नं माणूस टेबलाच्या पलीकडे जातो! परि + वि + ईक्षा, म्हणजे 'परीक्षे'चीच चुलतबहीण. शब्द चांगला आहे, पण कोर्टाच्या आवारात पक्षकाराच्या तोंडी तो नसतो. तो म्हणतो, 'बाँडवर सोडलं.'

नवखा : मग सरळ 'जामीन मोडला' का नको? किंवा पॅरोल?

कोर्टकचेरी : जामीन खटला चालू असतानाही मिळतो, प्रोबेशन, म्हणजेच परिवीक्षा, शिक्षेऐवजी अटींवर सोडणं, गुन्हा शाबित झाल्यावरच. पॅरोल शिक्षा भोगत असलेल्या कैद्याला, आपल्या तुरुंगांच्या भाषेत 'अभिवचन रजा'. तिन्हींची सरमिसळ वर्तमानपत्रंही करतात.

आपल्याकडे 1958चा अपराधी परिवीक्षा अधिनियम आहे. कलम 4खाली कोर्ट लगेच शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडतं, जास्तीत जास्त 3 वर्षांसाठी. अट मोडली तर कलम 9 : कोर्ट वॉरंट काढू शकतं, किंवा त्याला आणि जामीनदारांना समन्स. भंग सिद्ध झाला की मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावता येते. पहिलाच भंग असेल तर बंधपत्र चालू ठेवून दंडावरही भागतं, आणि तो दंड किती, तर 50 रुपयांपर्यंत! तुमच्या मालिकेतल्या गड्याचं एवढ्यावर भागणार नाही. तिकडे सुनावणी घेऊन न्यायाधीश प्रोबेशन रद्द करतो आणि तुरुंगात धाडू शकतो. त्यासाठी ज्यूरी बसवावी लागत नाही.

नवखा : आणि 'उत्कृष्ट'च्या जागी 'थकीत'? 'प्रलंबित'?

कोर्टकचेरी : थकीत वीजबिल असतं. 'प्रलंबित वॉरंट' म्हटलं की अजून निघायचंच आहे असं वाटतं. इथे ते निघालंय, बजावणी झालेली नाही. पोलीस घरी जाऊन येतात आणि 'सदर इसम मिळून आला नाही' असा शेरा मारून कागद कोर्टात परत येतो. घरच्यांना वाटतं, टळलं. टळत नाही. कोर्टानं रद्द करेपर्यंत किंवा बजावणी होईपर्यंत वॉरंट जिवंतच. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 70मध्ये होतं. 1 जुलै 2024पासून नव्या संहितेच्या 72मध्ये आहे.

उपशीर्षकवाली : 'फरार आहे' चालेल?

कोर्टकचेरी : बोलताना चालेल. कायद्यात मात्र 'फरार' ठरवायला आधी जाहीरनामा लागतो, हजर व्हायला किमान 30 दिवस द्यावे लागतात. तरी आला नाही तर तो वेगळाच गुन्हा, शिवाय मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. तुमचा गडी त्या पायरीवर पोचलाय का?

उपशीर्षकवाली : नाही, बहिणीच्या घरी जेवतोय. मग असं :
'प्रोबेशनच्या अटी मोडल्यात.
नावावर वॉरंट आहे.'

कोर्टकचेरी : दुसऱ्या ओळीत जागा उरतेय, 'पकड वॉरंट' करा.